निळी आणि घोगरी

थोरली : पत्र लिहिलंस, इथपर्यंत कळलं. पण दोघींच्या नावानं?

धाकटी : वहिनी, आधी मशीन बंद करा. त्या घरघरीत मला ओरडून कबुली द्यायला लावू नका. समोर रस्ता आहे.

थोरली : केलं बंद. बोल.

धाकटी : म्हणजे कसं झालं, दोन आठवड्यांपूर्वी त्या दुपारच्या गप्पांच्या कार्यक्रमात सांगितलं त्यांनी. तुमची मोटर चालू होती, तुम्हाला ऐकू येणं शक्यच नव्हतं. तर कार्यक्रम एक तासाचा आहे तो अर्ध्या तासाचा होणार. आणि अर्ध्या तासाला दोन-दोन निवेदिका कशाला, म्हणून एकच राहणार. कोणती राहावी ते प्रेक्षकांनी पत्रानं कळवा, असं म्हणाले. मग मी कळवलं.

थोरली : आणि एवढी मोठी गोष्ट दोन आठवडे पोटात ठेवलीस? तुझ्या घरी दूध उतू गेलं तरी गल्लीला कळतं.

धाकटी : मला वाटलं, हजारो पत्रं येतात, आपलं कोण बघतंय. तर काल संध्याकाळी त्यांच्या ऑफिसातून निरोप आला. आज दोनच्या कार्यक्रमात आपलं पत्र वाचणार आहेत. आणि त्याआधी, बाराच्या सुमाराला, काही विचारायला फोन करणार आहेत. रात्रभर झोप नाही.

थोरली : तरीच सकाळपासून तिसरं काज उसवतेयस. वेटरांचे कोट आहेत ते, परवा द्यायचेत. तीस कोट, प्रत्येकाला चार काजं. हिशेब तूच कर.

धाकटी : लक्ष सगळं त्या फोनकडे आहे हो.

थोरली : त्यात एवढं घाबरण्यासारखं काय आहे? आपल्या निळ्या कोटवालीला ठेवा म्हणून लिहिलं असशील. माझं नाव घातलंस तरी चालेल. निळी राहणार असेल तर माझा अंगठा घे नि उमटव.

धाकटी : निळीचंच लिहिलंय. चांगलं भरभरून लिहिलंय. कच्चा कागद आहे इथे, बटणांच्या डब्यात. वाचू?

थोरली : वाच. आणि गळा काढू नकोस, नीट वाच.

धाकटी : ‘आम्ही दोघी जावा. कपडे शिवण्याचं आमचं छोटं दुकान आहे. गेली सहा वर्षं एकही दिवस न चुकता आम्ही तुमचा कार्यक्रम पाहतो.’

थोरली : पाहतो? तू?

धाकटी : पत्रात लिहिताना तसंच लिहितात.

थोरली : तू सहा वर्षांत एकदा तरी मान वळवलीयस का? टीव्ही दाराच्या वर, तू दारात, तोंड रस्त्याकडे. मला माझ्या मशीनवरून रोज दोन गोष्टी दिसतात. वर निळी आणि खाली तुझी पाठ.

धाकटी : काजांना उजेड लागतो, वहिनी. आत बसले तर सुईत दोरा जायचा नाही. आणि बघत नसले तरी ऐकते की सगळं. डोक्यावरच तर बोलत असतात त्या. एक शब्द सुटत नाही माझा. तुम्ही मात्र फक्त बघता. दोन ते तीन तुमची मोटर धडधडत असते, वर बॉम्ब फुटला तरी तुम्हाला कळायचं नाही.

थोरली : चारला गिऱ्हाईक येतं, त्याला काय सांगू, बायका गप्पा मारत होत्या म्हणून पॅन्ट अर्धी राहिली? पुढे वाच.

धाकटी : ‘तुमच्या निळ्या कोटातल्या बाईंचा आवाज म्हणजे निव्वळ मध. त्या पाहुण्यांचं मन ओळखतात, आपल्या हातानं पाण्याचा पेला पुढे करतात. याउलट मोत्यांची माळ घालणाऱ्या बाईंचा आवाज घोगरा आहे. त्या समोरच्याला धड बोलू देत नाहीत. कोणी मनातलं सांगू लागलं की मध्येच तोडतात, आणि सारखं घड्याळ बघतात.’ हे घड्याळाचं तुमच्याकडून घेतलं हो. तुम्हीच म्हणता ना, माळवाली सारखी घड्याळ बघते.

थोरली : बघतेच. पुढे?

धाकटी : ‘तरी आम्हा दोघींची कळकळीची विनंती, की मधाळ आवाज राहू द्या आणि घोगरीला निरोप द्या.’ झालं. खाली दोघींची सही. तुमची मीच केली.

थोरली : थांब. निळीचा आवाज मधासारखा, हे तुला कोणी सांगितलं?

धाकटी : सांगायला कशाला हवं? तुम्ही रोज निळीचं कौतुक करता. निळीनं असं केलं, निळी कशी वाकून ऐकते. मी म्हटलं, इतकी मायाळू बाई, तर तो गोड आवाज तिचाच. आणि ती दुसरी, घोगरी, ती माळवाली असणार. दोघीच तर आहेत.

थोरली : दोघीच आहेत. पण कोणती कोणती ते तू बसल्या जागी ठरवून टाकलंस.

धाकटी : का? चुकलं का माझं?

थोरली : मला काय ठाऊक? मी कुठे आवाज ऐकलाय? तू असं कर. गेल्या गुरुवारी तो म्हातारा आला होता, शाळेत चाळीस वर्षं घंटा वाजवायचा तो. आठवतो?

धाकटी : न आठवायला काय झालं? त्याच दिवशी तर घोगरीचा राग आला मला. बिचारा बायकोबद्दल सांगत होता. म्हणाला, शेवटच्या दिवसांत ती म्हणायची, तुमची घंटा झाली की मला कळतं, आता तुम्ही घरी येणार. आणि एवढं बोलून त्याचा आवाज अडकला. तर घोगरीनं काय करावं? फाटकन तोडलं त्याला. ‘ते राहू द्या,’ म्हणाली. ‘मला सांगा, घंटा केवढी होती?’ अहो, ही काय वेळ होती घंटेचं माप विचारायची? मी तिथल्या तिथे चार शिव्या घातल्या तिला.

थोरली : आणि मग तो हसला.

धाकटी : हो. हसला. तुम्हाला कसं ठाऊक?

थोरली : मी बघत होते ना. त्याची हनुवटी हलायला लागली. अशी, थरथर. आणखी एक शब्द बोलला असता तर सगळ्या जगासमोर ढसाढसा रडला असता बिचारा, आणि नंतर घरी जाऊन शरमेनं मेला असता. त्याचा पेला रिकामा होता. निळीनं आपला पेला टेबलावरून हळूच त्याच्याकडे सरकवला आणि काहीतरी विचारलं. आणि त्या म्हाताऱ्यानं दोन्ही हात असे पसरून दाखवले. केवढी तरी गोल वस्तू. आणि हसला. मला वाटलं, हा कलिंगड दाखवतोय की काय.

धाकटी : घंटा दाखवत होता.

थोरली : आता कळलं.

धाकटी : वहिनी, तेव्हा ओठ कोणाचे हलले?

थोरली : निळीचे.

धाकटी : नक्की?

थोरली : माळवाली घड्याळ बघत होती. ओठ निळीचेच हलले.

धाकटी : म्हणजे घोगरी ती निळी.

थोरली : दिसतंय तसंच.

धाकटी : आणि मी लिहिलंय, घोगरीला निरोप द्या.

थोरली : माझ्या सहीनं. माझ्याच बाईला माझ्या सहीनं हाकललंस तू.

धाकटी : अहो, असं बोलू नका.

थोरली : मग कसं बोलू? माळ घालून बोलू? अगं, हे गेल्यावर घरात बसवेना म्हणून टीव्ही उचलून इथे आणला. तेव्हापासून दुपारचा तो एक तास ती बाई माझ्यासमोर बसते. माझ्यासमोर दुसरं कोण बसतं? तू तर पाठ करून बसतेस. एक तास बरा जातो, त्यावर मी दिवस ओढते. तो तास तू पाकिटात घालून पाठवून दिलास.

धाकटी : मला खरंच तोडून बोलणारी माणसं आवडत नाहीत, म्हणून लिहिलं. घरात एक आहे तेवढी पुरे.

थोरली : कोण?

धाकटी : कोणी नाही. वहिनी, फोन वाजतोय.

थोरली : घे मग.

धाकटी : तुम्ही घ्या. माझी दातखीळ बसलीय.

थोरली : पत्र लिहिताना बसली असती तर बरं झालं असतं. हॅलो, कोण?

फोनवरची : नमस्कार. दुपारच्या कार्यक्रमातून बोलतेय. दोघी जावांचं पत्र आलंय, ते तुमचंच का?

थोरली : आमचंच म्हणायचं. थांबा, स्पीकर लावते. हं, बोला. घसा बसलाय का हो तुमचा?

फोनवरची : नाही. असाच आहे पहिल्यापासून.

थोरली : गरम पाण्यात मीठ घालून गुळण्या करा. आमच्या शेजारच्या मास्तरांना गुण आला.

धाकटी : वहिनी, वहिनी, फोन इकडे द्या.

थोरली : आत्ता नको म्हणालीस, आता ओढतेस. बोलू दे मला. बाई, तुम्ही ऑफिसात असता का? कागदपत्रांचं काम?

फोनवरची : हो, तसंच काहीसं. हातात येतील ते कागद वाचायचे, समोर येतील त्या माणसांशी बोलायचं.

थोरली : चांगलं बसून काम आहे.

फोनवरची : बसूनच. बरं, तुमच्या पत्राची एक अडचण झालीय. इथे दोन गठ्ठे केलेत. एकीला ठेवा म्हणणाऱ्यांचा आणि दुसरीला ठेवा म्हणणाऱ्यांचा. तुमचं पत्र कोणत्या गठ्ठ्यात घालायचं तेच कोणाला कळेना. कोट एकीचा, आवाज दुसरीचा, आणि घड्याळ पुन्हा तिसरीकडेच. मी म्हटलं, द्या इकडे, मीच विचारते.

धाकटी : वहिनी, ऐका माझं, ही बाई म्हणजे...

थोरली : तू गप्प बस गं. जरा मोठं माणूस बोलतंय. हे बघा बाई, खरं ते सांगते. आम्ही शिवणकाम करतो. मी मशीनवर, तोंड टीव्हीकडे, पण मोटरच्या आवाजात मला एक अक्षर ऐकू येत नाही. आणि ही माझी धाकटी जाऊ दारात बसून काजं करते, ती सगळं ऐकते पण तिची पाठ. म्हणजे कार्यक्रम आम्ही दोघींनी मिळून एक बघितला. अर्धा-अर्धा.

फोनवरची : सहा वर्षं?

थोरली : सहा वर्षं. आणि हिनं माझे डोळे आणि तिचे कान एका कागदावर टाकून दिले शिवून. टाकाच चुकला.

फोनवरची : असं आहे तर. मग डोळ्यांचं मत काय आहे? निळ्या कोटातल्या बाईंबद्दल?

थोरली : ठेवा तिला. काही करा, पण ठेवा. तिच्यासारखी माणसं बघणारी बाई मी पाहिली नाही. समोरच्याची हनुवटी हलली की ती बोलते, त्याआधी नाही. लोकांना वाटत असेल, तोडते. तोडत नाही हो, ती सावरते. पडणाऱ्या माणसाला आपण दंडाला धरतो की नाही, मग दंड दुखला तरी चालतो.

फोनवरची : हं.

थोरली : दुसरं म्हणजे टेबलाखाली ती चप्पल काढून बसते. आहे ना खरं? कॅमेरा लांबून दाखवतो तेव्हा मला दिसतं. टाचा दुखत असतील.

फोनवरची : दुखतात. म्हणजे, दुखत असणार.

थोरली : आणि एक काम कराल? तुम्ही तिथेच असता म्हणून सांगते. तिचा कोट शिवणारा आंधळा आहे. तिचा डावा खांदा उतरलेला आहे, अर्धं बोट. त्यानं दोन्हीकडे सारखंच पॅड घातलंय. म्हणून डावी बाही लांब होते आणि ती बिचारी तासभर बाही ओढत बसते. डाव्या खांद्यात थोडं जाड पॅड घालायला सांगा. फार काही नाही, एका रुमालाच्या घडीएवढं. हॅलो? आहात ना?

फोनवरची : आहे. खांदा लहानपणी मोडला होता.

थोरली : कोणाचा?

फोनवरची : त्यांचाच. सांगत होत्या एकदा. पत्र ज्यांनी लिहिलं त्या आहेत का तिथे?

थोरली : आहे की, समोरच. पांढरी फटक पडलीय. घे बाई, तू बोल, मी मागे जाऊन पाणी भरून येते.

धाकटी : नमस्कार. मी... मला ओळखू आलं हो. पहिल्या वाक्यालाच.

फोनवरची : असं होय? मग त्यांना सांगू नका इतक्यात. बोलू द्या मला जरा.

धाकटी : मी काय तोंडानं बोलू? मी फार वाईट लिहिलंय. ते पत्र फाडून टाका, तुमच्या पाया पडते.

फोनवरची : ते राहू द्या. मला सांगा, एका कोटाला काजं किती असतात?

धाकटी : चार.

फोनवरची : आणि एका काजाला वेळ किती लागतो?

धाकटी : हात चालला तर दहा मिनिटं. आज चालत नाहीये.

फोनवरची : चालेल. आता जरा बरं वाटतंय का?

धाकटी : हो. वाटतंय खरं.

फोनवरची : मग ऐका. पत्र फाडता येत नाही, आलेलं प्रत्येक पत्र मोजतात. आणि तुम्ही खोटं कुठे लिहिलंय? तुम्हाला जे ऐकू आलं ते लिहिलंत. आवाज घोगरा आहेच. तोडून बोलणंही आहेच. दोन वाजता पत्र वाचायचं ठरलंय, ते वाचणार. तुम्हाला काही बदलायचं असेल तर आत्ता सांगा.

धाकटी : बदलायचं नाही. खाली एक ओळ वाढवाल?

फोनवरची : सांगा, लिहून घेते.

धाकटी : लिहा, ‘हे पत्र लिहिणारी सहा वर्षं टीव्हीकडे पाठ करून बसलेली आहे.’

फोनवरची : एवढंच?

धाकटी : एवढंच. मग ऐकणारे काय ते समजतील.

फोनवरची : लिहिलं. तुमच्याच शब्दांत. आणि थोरल्या बाईंना सांगा, गुळण्या करते म्हणावं.

थोरली : ठेवला का तिनं? बाई बोलायला किती चांगली. आवाज मात्र अगदी फाटका. असल्या आवाजाच्या बाईला फोनवर बसवतात म्हणजे कमालच म्हणायची.

धाकटी : वहिनी, तुम्ही जरा बसा.

थोरली : बसलेच आहे.

धाकटी : ती निळी होती.

थोरली : कोण?

धाकटी : फोनवरची. घोगरी. म्हणजे निळी. सहा वर्षं डोक्यावर ऐकतेय तो आवाज, झोपेत ओळखीन.

थोरली : अगं, मग बोलली का नाहीस?

धाकटी : बोलू दिलंत तुम्ही? दोनदा तोंड उघडलं, दोनदा गप्प केलंत.

थोरली : मी तिला मिठाच्या गुळण्या सांगितल्या.

धाकटी : हो.

थोरली : खांदा उतरलाय म्हणाले. तिच्याच तोंडावर. चपलांचं बोलले.

धाकटी : कागदपत्रांचं काम करता का, असंही विचारलंत.

थोरली : हसू नकोस. मला कुठेतरी तोंड लपवायला जागा दे. त्या कोटांच्या गठ्ठ्याखाली जाऊन बसते आता.

धाकटी : राग नाही आला तिला. उलट मी रडकुंडीला आले होते, तर मला काजं विचारली. आणि वहिनी, मजा काय, तोडलं तेव्हा कानाला टोचलं, पण पुढच्या क्षणाला मी काजं मोजत होते आणि रडणं कुठल्या कुठे. तेव्हा मला ती जाडी गिऱ्हाईक बाई आठवली.

थोरली : कोणती? पडदेवाली?

धाकटी : पडदेवाली. मागच्या महिन्यात तिनं मला विचारलं होतं, तुझ्या नवऱ्याचं काम सुटलं ना, मग आता घरीच असतो का तो दिवसभर? आणि मी काही बोलायच्या आत तुम्ही आतून खेकसलात, बाई, पडद्याला कडी लावायची की दोरी, ते बोला. मला इतका राग आला होता तुमचा. म्हटलं, हिला माझं एक वाक्य पुरं होऊ द्यायचं नाही.

थोरली : तुझ्याच्यानं पुरं झालं नसतं ते वाक्य.

धाकटी : तुम्हाला काय माहीत? तुम्हाला तर माझी पाठ दिसते. हनुवटी नाही दिसत.

थोरली : हनुवटी नाही दिसत. पण सुई थांबते. कोपर वर-खाली होत असतं ना तुझं, ते थांबतं. कोपर थांबलं की मी बोलते.

धाकटी : प्रत्येक वेळी?

थोरली : मोजलं नाही कधी. चल, बाह्या लावू दे मला, दोनला अजून वेळ आहे.

धाकटी : वहिनी.

थोरली : आता काय?

धाकटी : काही नाही. घरात एक आहे म्हटलं ना मघाशी, ते मागे घेते.

थोरली : कळलं होतं मला. घेऊ नकोस मागे, असू दे.

(दोन वाजलेत. सहा वर्षांत पहिल्यांदाच या वेळी मशीन बंद आहे.)

थोरली : आवाज मोठा केलास का?

धाकटी : रोज एवढाच असतो. मोटर बंद आहे म्हणून मोठा वाटतोय.

थोरली : ही आत्ता बोलतेय ती माळवाली. अगं, खरंच मध आहे की.

धाकटी : सांगत नव्हते?

थोरली : पण बघ, बघितलं घड्याळ. आता म्हणेल, उरका.

धाकटी : तिचं पुढचं ऐका.

थोरली : काय म्हणाली? ‘अजून चार मिनिटं आहेत आपल्याकडे, सावकाश सांगा’?

धाकटी : रोज हेच म्हणते. समोरचा घाबरून भराभर बोलायला लागला की, ‘वेळ आहे, सावकाश सांगा.’

थोरली : मला वाटायचं, हिला घरी जायची घाई.

धाकटी : म्हणजे तुमचंही माझ्यासारखंच झालं.

थोरली : फार खूश होऊ नकोस. तू लिहून पाठवलंस, मी नुसतं मनात म्हटलं. आणि तू काय करतेयस? स्टूल का फिरवतेस?

धाकटी : आत तोंड करून बसते.

थोरली : पण टीव्ही तुझ्या डोक्यावर आहे. मान मोडशील.

धाकटी : तुमच्या मागे तो गिऱ्हाइकांचा आरसा आहे ना. त्यात दिसतोय. सगळं उलटं दिसतंय, पण दिसतंय. त्या दोघी आणि त्यांच्यासमोर तुम्ही. ती उंच, ती निळी का?

थोरली : तीच.

धाकटी : मला वाटलं होतं जाडी असेल. आवाजावरून.

थोरली : गप्प. कागद घेतला तिनं हातात.

धाकटी : आपलाच. वहिनी, माझा हात धरा.

थोरली : मध्ये मशीन आहे. ऐक.

धाकटी : वाचतेय. अख्खं वाचतेय. ‘आवाज घोगरा आहे’ हे तिनं स्वतःच वाचलं आणि सगळे हसले. आता शेवटची ओळ.

थोरली : ‘पाठ करून बसलेली आहे.’ हसले बघ. ती माळवाली तर डोळे पुसतेय हसून.

धाकटी : थांबा, ती काहीतरी बोलतेय.

थोरली : मला नीट कळलं नाही, तू सांग. तुझ्या कानांना सवय आहे.

धाकटी : ती म्हणतेय, हे पत्र कोणत्याच गठ्ठ्यात घालू नका. मी घड्याळ बघते म्हणून ही निर्धास्तपणे माणूस बघते. एकीला काढायचं असेल तर दुसरीचीही खुर्ची उचला. अर्धा तास द्या, पाव तास द्या, बसू तर दोघी.

थोरली : असं म्हणाली? माळवाली?

धाकटी : शब्द न शब्द. आणि निळी म्हणतेय, साहेब वर बसून ऐकत असतीलच, काय ते सोमवारी सांगतील.

थोरली : आता काढून बघू दे त्या साहेबाला. रोज एक पत्र टाकू. तू लिही, मी सही करते. या वेळी माझी मी करते.

धाकटी : आधी तुम्हाला वाचून दाखवीन, मग सही.

थोरली : अगं, तिची बाही बघ.

धाकटी : बाहीला काय झालं?

थोरली : काही नाही झालं, तेच तर. आल्यापासून एकदाही ओढली नाही तिनं. डावा खांदा बघ.

धाकटी : मला आरशात उलटं दिसतंय. डावा कोणता?

थोरली : कागद नाही त्या हाताचा.

धाकटी : सरळ आहे की. दोन्ही सारखे.

थोरली : आत रुमाल घातलाय. घडी करून. गळ्यापाशी पांढरी कड दिसतेय बघ. दोन तासांत पॅड कुठून शिवून घेणार, म्हणून रुमालच घातला. मी म्हटलं होतं ना, रुमालाच्या घडीएवढं. मी म्हटलं आणि तिनं... सहा वर्षं मी तिच्याकडे बघतेय, आणि आज तिनं माझं...

धाकटी : ते राहू द्या, वहिनी. पाणी घ्या आधी, हा माझा पेला. आणि मला सांगा, बाह्या किती झाल्या?

थोरली : बावीस.